मुलांचा गाऊट: अंगठा सुजल्यापासून कारण सापडेपर्यंत

माझा भाचा तेव्हा १५ वर्षांचा होता. रविवारी मित्रांबरोबर सिंहगड चढून आला, उन्हात पाणी कमी प्यायला, आणि पहाटे तीनला डावा पाय धरून रडत उठला. अंगठ्याच्या मुळाशी लाल, चकचकीत सूज होती. चादर पायाला लागली तरी ओरडायचा. गड उतरताना पाय मुरगळला असणार, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. दहा दिवसांत सूज ओसरली, आम्हीही विसरलो. तीन महिन्यांनी घोटा धरला, मग पुन्हा तोच अंगठा. तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ९.६. ‘गाऊट आहे, डाळी बंद करा’ एवढं ऐकून आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो. ताईने डाळ, उसळ, पालक, टोमॅटो, सगळं बंद केलं. वाढतं पोर ताकभातावर आलं.

त्याच घरात भावजी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होते. त्यांच्या किडन्या ४२व्या वर्षी गेल्या. त्यांची आईही किडनीच्याच आजाराने गेली होती. वडिलांची किडनी आणि मुलाचा अंगठा यांचा काही संबंध असेल, हे आमच्या दीड वर्ष डोक्यातच आलं नाही. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला किडनीचा त्रास आहे का?’ आणि ताई एकदम गप्प झाली.

गाऊट म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड (लघवीवाटे बाहेर जाणारं एक टाकाऊ द्रव्य) वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचल्याने होणारी सूज. तो मुलांमध्ये फार क्वचित होतो, आणि म्हणूनच तो निघाला की ‘का झाला?’ हे विचारायलाच हवं. पन्नाशीच्या माणसाच्या बाबतीत वजन, दारू, रक्तदाब असं म्हणून पुढे जाता येतं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तसं पुढे जाऊ नये. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे एकाही औषधाचा डोस लिहिलेला नाही. पण कुठल्या क्रमाने काय करायचं आणि काय विचारायचं, हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ते सगळं लिहून काढते.

पहिली रात्र: गाऊट नंतर, आधी पू नाही ना ते बघा

एकच सांधा सुजलाय, गरम लागतोय, मूल तो हलवू देत नाही किंवा त्या पायावर उभं राहत नाही, आणि सोबत ताप आहे. असं असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाला असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होते. खुब्याचा सांधा असेल तर आणखी घाई करा. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर गाऊटचं नावही सुरुवातीला मनात आणू नका. त्या वयात लाल, गरम सांधा म्हणजे तपासून खात्री होईपर्यंत संसर्गच धरायचा. पुण्यात असाल आणि खासगी रुग्णालय परवडत नसेल तर स्टेशनजवळच्या ससून या सरकारी रुग्णालयात रात्रीही जाता येतं.

ताप नसेल आणि थोडा वेळ काढता येण्यासारखा असेल तर पाय उशीवर उंच ठेवा आणि बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा. चोळू नका. गरम पाण्याने शेकू नका. आंबेहळदीचा लेप लावायचा मोह होतो, आम्हीही लावला होता, पण त्या पिवळ्या थराखाली डॉक्टरांना लाली दिसत नाही. त्याऐवजी सुजलेल्या आणि चांगल्या, दोन्ही पायांचा एकत्र फोटो काढा आणि ठणका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. गाऊटचा झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो, चोवीस तासांच्या आत टिपेला पोचतो आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो. ही वेळेची चाल डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. सूज उतरल्यावर गेलात तर हाती फक्त तो फोटोच असतो.

वेदनेसाठी वजनानुसार पॅरासिटामॉल देता येतं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको: रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा घातक विकार त्यातून होऊ शकतो. आजीच्या डब्यातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. पुण्यात पावसाळ्यात आणि नंतरही काही महिने डेंग्यू असतोच, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय किडनी आधीच नाजूक असेल, जी आमच्याकडे होती आणि आम्हाला माहीत नव्हतं, तर तिच्यावर आणखी घाव बसतो.

गाऊटसारखं दिसणारं दुसरं काय असतं

पावसाळ्यात एकदम ताप आणि बरेच सांधे एकत्र धरले तर आधी चिकुनगुनिया आठवा. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल तर तो संधिवाताचा ताप असू शकतो, आणि त्यात हृदयाची झडप खराब होऊ शकते. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. सहा आठवड्यांहून जास्त टिकणारी सूज आणि सकाळी उठल्यावर आखडलेले सांधे ही लहान मुलांच्या संधिवाताची खूण. त्यातला एक प्रकार मोठ्या मुलग्यांच्या घोट्यात आणि टाचेत होतो आणि हुबेहूब खेळातल्या दुखापतीसारखा वाटतो.

एक आजार मात्र मला वेगळा सांगायचाय. हाडं रात्री दुखतात, मूल पांढरंफटक दिसतं, कारण नसताना काळेनिळे डाग पडतात, ताप परत परत येतो: रक्ताच्या कर्करोगातही असं होतं, आणि पेशी भराभर तयार होऊन मरत असल्याने त्यात युरिक ॲसिडही वाढतं. म्हणून सांध्यासाठी स्टेरॉइड सुरू करण्याआधी संपूर्ण रक्ततपासणी आणि रक्ताची काच (काचेवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली) बघून झाली पाहिजे. आधी स्टेरॉइड दिलं तर खरा आजार काही काळ झाकला जातो. हे डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोचू नका.

रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा

रक्तात युरिक ॲसिड डेसिलीटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ते विरघळलेलं राहायला तयार नसतं, त्याचे स्फटिक बनू शकतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून तिथे ते लवकर साचतात. एवढं समजलं की आजाराचं अर्धं गूढ संपतं.

पण रिपोर्टवर आकड्याशेजारी जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. लहान मुलांचं युरिक ॲसिड साधारण २ ते ५.५च्या दरम्यान असतं, आणि वयात येताना मुलग्यांचं वाढतं. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचं ६.५ आलं तर ते जास्त आहे, प्रयोगशाळेने लाल खूण केली नसली तरी. उलट, १७ वर्षांच्या मुलाचं ७.२ आहे, सांधा कधीच दुखला नाही आणि हे निघालं फुल बॉडी चेकअपमध्ये, तर तो गाऊट नाही. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही, आणि नुसत्या आकड्यासाठी मुलाला गोळी सुरू करायची नसते. वजन, रक्तदाब आणि किडनी मात्र तपासून घ्यावी.

आणखी एक फसगत म्हणजे ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. झटका उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

खात्री करायची तर सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की गाऊट नक्की. मुलाला सुई टोचायची म्हटल्यावर आपला जीव वर-खाली होतो, पण त्याच पाण्यातून जंतुसंसर्गही तपासता येतो. नमुना ताजा असताना बघावा लागतो, आणि असा सूक्ष्मदर्शक प्रत्येक प्रयोगशाळेत नसतो, तेव्हा सुई टोचण्याआधीच विचारून घ्या. पाणी काढणं शक्य नसेल तर अनुभवी माणसाने केलेल्या सांध्याच्या सोनोग्राफीतही कूर्चेवर साचलेला थर दिसतो.

आता खरा प्रश्न: का झाला?

युरिक ॲसिड वाढायचे दोन रस्ते आहेत. शरीर ते जास्त बनवतं, किंवा किडनी ते कमी बाहेर टाकते. हे ओळखायला रक्त आणि लघवी एकाच दिवशी द्यावी लागते. दोन्हींत युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते ज्यावरून कळतं ते द्रव्य) मोजतात. लघवीतलं युरिक ॲसिड गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, याला रक्तातलं युरिक ॲसिड गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन याने भागायचं आणि शंभरने गुणायचं. समजा, लघवीत युरिक ॲसिड ३० आणि क्रिएटिनिन ९०, रक्तात युरिक ॲसिड ९.६ आणि क्रिएटिनिन १. उत्तर येतं साधारण साडेतीन टक्के. लहान मुलांत हे प्रमाण दहाच्या आसपास किंवा वर असतं आणि वयात येताना कमी होत जातं. साडेतीन म्हणजे किडनी युरिक ॲसिड धरून बसली आहे. चार साध्या आकड्यांचा हा हिशोब आमच्यासाठी दीड वर्षात कुणी केला नव्हता. तपासणी महाग नाही, फक्त ती मागावी लागते.

किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या किडनीचा आजार आहे, असं असेल तर युमॉड जनुकातल्या बिघाडाचा विचार करायचा. किडनीत युरोमॉड्युलिन नावाचं प्रथिन तयार होतं. जनुक बिघडलं की ते पेशींमध्येच अडकून राहतं आणि त्या पेशी हळूहळू निकामी होतात. हा आजार ओळखायला कठीण जातो, कारण लघवीची साधी तपासणी जवळजवळ स्वच्छ येते, प्रथिनं नाहीत, रक्त नाही. सोनोग्राफीही सुरुवातीला बरी दिसते. क्रिएटिनिन मात्र वर्षानुवर्षं थोडं थोडं चढत राहतं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो यायची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. एरवी तरुण मुलीला गाऊट होणं इतकं दुर्मीळ आहे की तसं झालं तर किडनीची तपासणी व्हायलाच हवी.

शरीर युरिक ॲसिड जास्त बनवत असेल तर कारणं वेगळी असतात. लेश-नायहन हा आजार १९६४ साली वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला. त्यात पेशीतलं एक विकर (एन्झाइम) नसतं आणि तो जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. बाळ मान धरायला, बसायला उशीर करतं, पुढे अंग वेडंवाकडं आखडतं, आणि काही मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावतात. लंगोटात नारिंगी वाळूसारखे कण दिसणं ही त्याची आरंभीची खूण असू शकते. नव्या आयांनी मात्र हे वाचून घाबरू नये: पहिल्या काही दिवसांत, दूध नीट सुरू होईपर्यंत, निरोगी बाळाच्या लंगोटातही गुलाबी-नारिंगी डाग पडतात. ते नंतरही दिसत राहिले तर डॉक्टरांना सांगा. तेच विकर अर्धवट काम करत असेल तर मुलगा दिसायला ठणठणीत असतो आणि किशोरवयात मुतखडा किंवा गाऊट घेऊन येतो. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागते.

मोठं पोट, भरलेले गाल, खुंटलेली उंची, आणि जेवायला उशीर झाला की घाम, थरथर, आकडी: हा साखर साठवण्याचा जन्मजात विकार, वॉन गिर्के. यकृत साठवलेली साखर सोडू शकत नाही आणि सोबत युरिक ॲसिड वाढतं.

औषधांची यादीही डॉक्टरांसमोर ठेवा. क्षयाच्या उपचारातल्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड हमखास वाढतं आणि सांधे दुखतात, इथॅम्ब्युटॉलनेही वाढू शकतं. आपल्याकडे हे खूप घरांना लागू आहे. उपचार स्वतःहून थांबवू नका, क्षयाच्या उपचार केंद्रावर सांगा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरीन यांनीही असं होतं. जन्मजात हृदयविकाराने निळी पडणारी मुलं, थायरॉइड कमी असलेली मुलं आणि थॅलेसेमियाची मुलं यांच्यातही आकडा वर असू शकतो.

पेठेतल्या खोल्यांमधली मुलं

वीस ते तिशीचं चित्र निराळं आहे. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी राहणारी किंवा हिंजवडीत रात्रपाळी करणारी मुलं. दिवसभर अभ्यासिकेत बसून, पाणी कमी, कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक जास्त, शनिवारी बिअर, आणि मग अचानक जिम आणि कडक कीटो (पोळी-भात-साखर जवळजवळ बंद करणारा आहार). इथे वजन, गोड पेयं आणि बिअर हेच बहुतेकदा कारण असतं. उपाशी राहून झटपट वजन उतरवलं तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) वाढतात, किडनी युरिक ॲसिड अडवते आणि झटका येतो. महिन्याला दोन-तीन किलो इतकंच उतरवा. दुधापासून बनलेल्या व्हे पावडरीची भीती नको, तिच्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते द्रव्य) कमी असतं. क्रिएटिन घेत असाल तर मात्र सांगा, कारण त्याने रिपोर्टवरचं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.

औषधं

झटक्यात सूज उतरवायची असते. त्यासाठी वेदनाशामक, कॉल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यातलं काय द्यायचं हे किडनी बघून ठरतं. कॉल्चिसिनची गोळी छोटीशी असते पण जास्त गेली तर जीव जातो, तेव्हा ती कुलपात ठेवा. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिलं तर कॉल्चिसिन चालू असल्याचं आठवणीने सांगा, दोन्ही एकत्र धोकादायक आहेत.

युरिक ॲसिड कायम खाली ठेवायचं औषध म्हणजे मुख्यतः ॲलोप्युरिनॉल. कमी वय, फार वरचा आकडा, किडनीचा आजार किंवा खडे असतील तर ते लवकर सुरू करतात. थोड्यापासून सुरू करून रक्त तपासत वाढवायचं आणि आकडा ६च्या खाली आणून तिथेच ठेवायचा. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण साचलेले स्फटिक विरघळताना सांधा चिडतो. इथेच बरीच घरं ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून गोळी सोडतात. आमच्याकडेही एकदा असं झालं. त्या काळात झटके रोखणारं औषध तीन ते सहा महिने सोबत देतात, ते दिलं नसेल तर विचारा. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही.

थांबवायचं ते फक्त अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड दिसले तर. तेव्हा पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा. ॲझाथायोप्रिन किंवा ६-मरकॅप्टोप्युरिन (प्रतिकारशक्ती दाबायला किंवा रक्ताच्या कर्करोगात देतात ती औषधं) चालू असलेल्या मुलाला ॲलोप्युरिनॉल दिलं तर अस्थिमज्जा दबून रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. युरिक ॲसिड उतरवणारं दुसरं औषध फेबुक्सोस्टॅट, तेही त्यांच्यासोबत असंच धोकादायक आहे. शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून त्यांची गोळी आणू नका.

आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. वैद्यांकडे जायचं तर जा, पण काय चालू आहे ते वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही सांगा. ज्याची किडनी कमजोर आहे अशा मुलाला धातूंची भस्मं असलेली औषधं देऊ नका. शिशाने तर किडनी युरिक ॲसिड अडवते आणि गाऊटच होतो.

ताटात काय वाढायचं

डाळ वाढा! अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, डाळी-कडधान्यांनी आणि पालेभाज्यांनी वाढला नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी तो कमी झाला. ते प्रौढ होते हे खरं, पण वाढत्या मुलाची उसळ, वरण आणि पालक काढून घ्यायला यात काहीच आधार मिळत नाही. भाच्याचं वजन त्या दीड वर्षात वाढलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कमी करायचं ते कलेजी, भेजा, वजडी, सुकट, बोंबील, तारली. रविवारचं मटण थोडंच. आणि गोड पेयं: कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस, रोजचा उसाचा रस. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं, आणि गूळ-मध यांना त्यातून सूट नाही. ताक, दही, दूध खुशाल द्या. अपवाद वॉन गिर्केचा: तिथे दूध आणि फळंही मोजून, कच्चं मक्याचं पीठ ठरावीक वेळी, आणि उपास तर कधीच नाही. नुसत्या पथ्याने आकडा फार तर एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो, म्हणून ९.६चं मूल पथ्यावर सोडून देता येत नाही.

पाण्याचं एक सांगते. भाचा शाळेत पाणी पीतच नव्हता, कारण शाळेचं स्वच्छतागृह त्याला नको वाटायचं. तुमच्या मुलाला हे मोकळेपणाने विचारा. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, मधल्या सुट्टीशिवायही जायची परवानगी मागा. लघवी फिकट दिसेल इतकं पाणी जायला हवं. किडनी बरीच कमजोर असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. खेळ बंद करू नका, फक्त झटक्याच्या दिवसांत विश्रांती द्या. आणि ‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार’ असं घरातल्या कुणी गमतीनेही म्हणू नये. तो ऐकत असतो.

बाकीच्या भावंडांचं काय

जनुकाची चाचणी करायची तर आधी समुपदेशन घ्या, कारण तो रिपोर्ट एकट्या मुलाचा नसतो, अख्ख्या घराचा असतो. आमच्याकडे हा आजार घरात असू शकतो हे भावजींच्या बहिणीला सांगायला ताईला दोन महिने लागले. चाचणी झाली नाही तरी भावंडांचं युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासता येतो.

ताईची धाकटी ११ वर्षांची आहे. तिचा एकही सांधा कधी दुखलेला नाही. मार्चमध्ये तिचं रक्त तपासलं, युरिक ॲसिड ७.१ आलं. क्रिएटिनिन अजून ठीक आहे. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही, दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय. पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. तिच्या नावाची वेगळी फाईल केली आहे, आणि पहिल्या पानावर ताईने आजीपासूनची सगळी नावं आणि वयं लिहून ठेवली आहेत.